भूगोलाचा विद्यार्थी आणि आपला बांध

दिवाळी होऊन थंडी पडूं लागली आणि रब्बीची पेरणी आटोपली, म्हणजे हल्लीं पुष्कळ गांवांतून एक देखावा दृष्टीस पडतो. पंधरा-वीस तरुण मुलें व मुली एका मोटारींतून उतरतात. बरोबर एक-दोन प्राध्यापक असतात. हातांत छापील तक्ते, खांद्यावर पिशव्या, कोणाजवळ तिपाईवर बसवावयाचें एखादें यंत्र. चावडीच्या ओट्यावर सरपंच त्यांस बसवितात, चहा होतो, आणि मग जो शेतकरी हातास लागेल त्यास प्रश्न सुरू होतात : जमीन किती, विहीर आहे काय, पीक कोणतें, उत्पन्न किती. दोन प्रहर टळली कीं मंडळी निघून जाते. मागें राहिलेल्या लोकांत मात्र दोन दिवस चर्चा चालते. कोणी म्हणतो, रस्ता रुंद व्हावयाचा आहे. कोणी म्हणतो, कारखान्यासाठीं जमिनी घेणार. एखादा शहाणा सांगतो कीं, कर वाढणार. खरें कारण कोणासच ठाऊक नसतें. हे विद्यार्थी भूगोल विषयांत पदवी घेऊन पुढच्या परीक्षेचा अभ्यास करीत असतात, आणि संशोधन कसें करावें हें शिकण्याकरितां त्यांस गांवीं आणलेलें असतें.

आमच्या स्वतःच्या गांवीं असाच एक संघ कांहीं वर्षांपूर्वीं येऊन गेला. आमच्या ओसरीवर बसून एका मुलीनें आमची माहिती लिहून घेतली. "काका, एकरीं किती पिकतें?" असें तिनें विचारलें. आम्हीं जुन्या संवयीप्रमाणें खऱ्यापेक्षां कमी आंकडा सांगितला, व तिनें तो निमूटपणें तक्त्यांत भरला. त्या तक्त्याचें पुढें काय झालें, त्यांतून निष्कर्ष कोणता निघाला, हें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं. मुलीच्या पदरीं खोटा आंकडा पडला आणि आमच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं. त्या दिवशीं दोन्ही बाजूंचें नुकसान झालें, आणि त्यांत आमचाही दोष होता, हें आम्हांस पुढें पुष्कळ विचारान्तीं उमगलें. म्हणूनच हा विषय आमच्या वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें. या विद्यार्थ्यांचें शिक्षण पुस्तकांत सुरू होत असलें तरी तें पुरें होतें बांधावर. आणि बांध आपला असल्यामुळें त्या शिक्षणांतील अर्धें गुरुपद आपल्याकडे येतें.

आकाशांतून दिसणारा गुंठा

भूगोल म्हणजे नद्यांचीं व राजधान्यांचीं नांवें पाठ करणें, अशी समजूत आपल्यापैकीं पुष्कळांची शाळेंतच झालेली असते. वरच्या वर्गांतील भूगोल निराळा आहे. अमुक शिवारांत अमुकच पीक कां, टेकडीच्या एका अंगास पाणी टिकतें आणि दुसऱ्या अंगास कां टिकत नाहीं, बाजारपेठ दूर असली म्हणजे लागवडीची तऱ्हा कशी पालटते, अशा प्रश्नांचा तो शोध घेतो. म्हणजे जे प्रश्न आपण रोज पायांखालीं तुडवितों, तेच त्याचे अभ्यासविषय होत.

या अभ्यासाचें मुख्य साधन नकाशा. भारतीय सर्वेक्षण खात्याचा जो नकाशा विद्यार्थ्यांच्या हातीं प्रथम येतो, त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. एक एकराचें चौरस शेत घेतलें तर त्याची बाजू सुमारें ६४ मीटर भरते. नकाशावर तें सव्वा मिलिमीटराचें होतें, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. अलीकडे उपग्रहांनीं घेतलेलीं चित्रें विनामूल्य मिळूं लागलीं आहेत. सेंटिनेल-२ या युरोपीय योजनेंतील पहिला उपग्रह २०१५ सालीं सोडण्यांत आला. त्याच्या चित्रांतील अत्यंत बारीक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरांचा असतो. आपला गुंठा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. तेव्हां त्या चित्रांतील एक ठिपका म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठाच होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं. या जातीचे उपग्रह दर पांच दिवसांच्या सुमारास त्याच शिवारावरून जातात. ज्याला आपल्या आजोबांनीं वेड्याची कल्पना म्हटलें असतें, तें आज महाविद्यालयाच्या खोलींत बसलेल्या मुलास घडीभरांत दिसतें.

परंतु दिसणें निराळें आणि ओळखणें निराळें. बाजरींत तुरीचें पाटें धरलेलें असेल, बांधावर बाभळी असतील, एका कोपऱ्यांत कडबा रचलेला असेल, तर एका ठिपक्यांत चार वस्तूंचा रंग मिसळतो, आणि यंत्र त्याला कोणतें तरी पांचवेंच नांव देतें. खरिपांत तर ज्या दिवसांत पीक पाहावयाचें, नेमक्या त्याच दिवसांत आभाळ भरलेलें असतें, व साध्या चित्रांत ढगांखेरीज कांहीं उमटत नाहीं. ढगांतून आरपार जाणाऱ्या रडार-लहरींचा उपयोग करणारे उपग्रह आतां झाले आहेत. भारत व अमेरिका यांनीं मिळून बांधलेला निसार हा उपग्रह जुलै २०२५ मध्यें श्रीहरिकोट्याहून सोडण्यांत आला. त्यांच्या नोंदींसही भाषा द्यावी लागते ती जमिनीवरूनच. अमुक ठिपका म्हणजे सोयाबीन आणि अमुक म्हणजे पडीक, हें कोणी तरी पायीं जाऊन पाहून सांगितल्यावांचून यंत्रास तें कळत नाहीं.

चुकीच्या पाहणीनें काय होतें

जमिनीवर नीट न पाहतां केलेल्या विद्वत्तेचा परिणाम आपल्या प्रांतानें एकदां भोगलेला आहे. १८२८ सालच्या सुमारास रॉबर्ट प्रिंगल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्याकडे पुणें जिल्ह्याच्या मोजणीचें व आकारणीचें काम सोंपविण्यांत आलें. इंग्लंडांतील हेलीबरीच्या महाविद्यालयांत त्यानें अर्थशास्त्राचें शिक्षण घेतलें होतें. शेतीचा सर्व खर्च वजा जातां जें निव्वळ उत्पन्न उरेल त्याचा शेंकडा ५५ इतका भाग सरकारानें घ्यावा, असें त्याचें गणित होतें. कागदावर त्या गणितांत खोट काढणें कठीण. परंतु प्रत्येक जातीच्या जमिनीचें उत्पन्न व खर्च यांचे आंकडे ज्या हाताखालच्या लोकांनीं जमविले, त्यांची मोजणी चुकीची होती व प्रतबंदी विश्वासार्ह नव्हती. त्या आंकड्यांवर बसविलेला सारा पुष्कळ ठिकाणीं रयतेस झेपेना. इंदापूर तालुक्यांत शेतें पडीक पडलीं आणि कुळें गांव सोडून गेलीं.

त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ सालीं त्याच इंदापूर तालुक्यांत नव्या पद्धतीनें आकारणी लागू केली. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि जें प्रत्यक्ष पाहतां व मोजतां येईल तेवढ्यावरच भिस्त ठेवली. जमिनीचा रंग व पोत पाहून तिचे तीन वर्ग केले. कुदळीनें खणून खोली हातांनीं मोजली. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन ती सोळा आणे; त्याखालीं खोली कमी होईल तशी प्रत उतरत जाऊन शेवटची दोन आण्यांवर येई. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाण्याचा साठा, ओढ्याचा पूर, अशा प्रत्येक दोषाला खूण ठरवून त्याप्रमाणें प्रत आणखी उतरवीत. १८४७ च्या संयुक्त अहवालांत या पद्धतीचे नियम लेखनिविष्ट झाले. आपल्या सातबाऱ्यावर आजही जो 'आकार' लिहिलेला दिसतो, त्याचें मूळ या खणण्या-मोजण्यांत आहे. ही पद्धतिही निर्दोष नव्हती, व सारा शेवटीं सरकारच्या सोयीनें ठरे. तरीही प्रिंगल व विंगेट यांच्या कामांतील भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पहिल्याचें तत्त्व सुबक आणि आंकडे पोकळ. दुसऱ्याचें तत्त्व साधें आणि खड्डा खरा. भूगोलाच्या विद्यार्थ्यास संशोधनाचा पहिला धडा द्यावयाचा असेल तर याहून चांगला दाखला आम्हांस सुचत नाहीं.

एका गांवाची राहिलेली स्मृति

दुसरा दाखला पुण्याजवळचाच आहे. पुण्याच्या कृषि-महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पवनेच्या कांठच्या पिंपळे सौदागर या गांवाची बारकाईनें पाहणी केली. जमिनीची जात, पाण्याची सोय, धारणक्षेत्रें, पिकें, कर्ज, घरखर्च, यांपैकीं कांहीं त्यांनीं सोडलें नाहीं. तो ग्रंथ १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. १७७१ सालीं त्या गांवीं सरासरी धारण ४० एकरांचें होतें, तें १९१५ पर्यंत ७ एकरांवर आलें, ही तुकडेबंदीच्या चर्चेंत वारंवार सांगितली जाणारी गोष्ट त्या पाहणींतली होय. पुढें १९२१ सालीं जातेगांव बुद्रुक या कोरडवाहू गांवाचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला.

आज पिंपळे सौदागर हें पिंपरी-चिंचवड शहरांत सामावून गेलें आहे. जेथें मॅनसाहेबांच्या माणसांनीं नांगरट पाहिली, तेथें बहुमजली इमारती उभ्या आहेत. त्या शिवाराची शंभर वर्षांपूर्वींची शेती कशी होती, हें आतां कोणास जाणावयाचें झालें तर शेत उरलेलें नाहीं, तें शेत कसणाराही उरलेला नाहीं. मॅनसाहेबांचें पुस्तक तेवढें उरलें आहे. आपल्यापैकीं ज्यांचे गांव आज शहरांच्या, महामार्गांच्या वा धरणांच्या वाटेवर आहेत, त्यांनीं या गोष्टीचा विचार अवश्य करावा. आपल्या गांवाचें खरें चित्र काढून ठेवण्याची संधि कित्येकदां एकदांच येते, आणि ती घेऊन येणारा कोणी मोठा अधिकारी नसून पंचविशींच्या आंतला एखादा विद्यार्थी असतो.

विद्यार्थ्यांच्या हातून हें काम होईल काय, अशी शंका कोणास येईल. विलायतेंत तें झालेलें आहे. लंडन येथील भूगोलाचे अध्यापक डडली स्टॅम्प यांनीं १९३० सालीं ब्रिटनच्या भूमि-उपयोगाची पाहणी आरंभिली. पैसा थोडा होता. म्हणून शाळांतील मुलें, त्यांचे शिक्षक व महाविद्यालयांतील विद्यार्थी यांच्याकडून त्यांनीं शेतन् शेत पाहविलें. मैलास सहा इंच या प्रमाणाच्या नकाशावर प्रत्येक शेताची नोंद झाली, आणि मग त्यावरून रंगीत नकाशे छापले : नांगरटीस तपकिरी रंग, गवताळ कुरणास फिका हिरवा, जंगलास गडद हिरवा, माळरानास पिवळा. थोड्याच वर्षांनीं दुसरें महायुद्ध सुरू झालें, बाहेरचें धान्य येणें कठीण झालें, आणि कोणतें कुरण मोडून नांगराखालीं आणावें हें ठरवितांना मुलांनीं पायीं हिंडून काढलेले हे नकाशे उपयोगी पडले.

शिकवणी कशी असावी

आतां आपल्याकडे हें शिक्षण प्रत्यक्षांत कसें असावें याविषयीं दोन शब्द. जे चांगले अध्यापक आहेत ते असेंच करवितात. जेथें तें होत नसेल तेथें आपण गांवकऱ्यांनीं तें सुचविण्यास संकोच करूं नये.

पहिली गोष्ट, गांव पायांखालून घालणें. विद्यार्थ्यानें गांवनकाशा हातीं घेऊन गांवठाणापासून शिवेपर्यंत एक सरळ रेघ धरावी व वाटेंत जें लागेल तें सर्व टिपीत जावें : काळी, मुरमाड, चोपण, पडीक, ओढा, पाझर, गोठा. नदीकांठापासून माळापर्यंत अशा दोन-तीन रेघा चालल्या म्हणजे गांवाचा कणा कळतो. हातांतील दूरध्वनीवर ठिकाण दाखविणारी सोय असते. पण ती उघड्या आकाशाखालींही सुमारें पांच मीटरांनीं चुकूं शकते, हें त्यास व आपणांसही ठाऊक असावें. गुंठ्याची बाजू दहा मीटर. पांच मीटरांची चूक म्हणजे निम्मी बाजू गेली. म्हणून विद्यार्थ्याचा नकाशा ही मोजणी नव्हे. बांधाचा तंटा त्यानें तुटत नाहीं, व सातबारा त्यानें बदलत नाहीं. तें काम भूमि-अभिलेख खात्याचें. हें एवढें आधीं उमजलें तर पुष्कळांची भीति जाईल.

दुसरी गोष्ट, खड्डा. प्रत्येक जातीच्या जमिनींत निदान एक खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा, थरांची जाडी मोजावी, ओली माती बोटांत वळून तिचा चिकटपणा पाहावा, सौम्य आम्लाचा थेंब टाकून चुना फसफसतो कीं काय तें पाहावें. लोखंडाचीं दोन कडीं, एक ३० व दुसरें ६० सेंटिमीटर व्यासाचें, एकांत एक ठोकून त्यांत पाणी भरलें म्हणजे तासाला किती पाणी मुरतें हें कळतें. आपल्या शेतांत हा प्रयोग होत असेल तर आपण जवळ उभें राहून पाहावा. ठिबकाचें पाणी किती वेळ सोडावें याचें कांहीं उत्तर त्याच कड्यांत मिळण्यासारखें आहे.

तिसरी गोष्ट, विहीर. काठावर रंगाची एक कायमची खूण करून तेथून पाण्यापर्यंत फीत सोडावी, आणि हें वैशाखांत व पुन्हां पावसाळा सरतांना करावें. आपल्या बेसाल्टी खडकांत मांजऱ्याच्या थरांत व सांध्यांत पाणी राहतें, आणि तें खडकाच्या आकारमानाच्या शेंकडा १ ते ३ इतकेंच उपसून मिळतें असें धरण्याचा प्रघात आहे. या हिशोबानें एका हेक्टराखालीं पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर एक ते तीन लाख लिटर पाणी गेलें. हा आंकडा पाहिला म्हणजे शेजाऱ्याची कूपनलिका आणि आपली विहीर यांचें नातें निराळें सांगावें लागत नाहीं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक निरीक्षण-विहिरी वर्षांतून चार वेळां मोजते. पण प्रत्येक गांवांतील प्रत्येक ओढ्याकांठीं तिची विहीर नसते. ही उणीव विद्यार्थी भरून काढूं शकतात.

चौथी गोष्ट, पाऊस. एका शिवारांत धार लागते व दुसऱ्यांत धूळ उडते, हा आपला नेहमींचा अनुभव. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत मात्र महसूल मंडळांतील संदर्भ-केंद्राची नोंद प्रमाण धरली जाते. एका मंडळांत आठ-दहा ठिकाणीं साधीं पर्जन्यमापकें ठेवून, रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजून, एका पावसाळ्यांत हा फरक किती पडतो हें एखाद्या विद्यार्थ्यानें दाखविलें, तर त्याचा प्रबंध कपाटांत पडून राहणार नाहीं. तो हातीं घेऊन आपणांस बोलतां येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारें ४,००० लिटर पाणी. पांच मिलिमीटरांचा फरक कोरडवाहू पिकास हलका नव्हे.

पांचवी गोष्ट, पडताळा. उपग्रहाच्या चित्रावरून जो पिकांचा नकाशा बनविला, त्यावर शंभर जागा चिठ्ठ्या टाकून निवडाव्या, आणि प्रत्येक जागीं जाऊन पाहावें. शंभरांतून ऐशीं बरोबर निघाल्या, तर नकाशा शेंकडा ऐशीं खरा असें म्हणून थांबूं नये. ज्या वीस चुकल्या त्या कोठल्या व कां चुकल्या हें लिहावें. आमच्या मतें खरें संशोधन त्या विसांतच असतें. जो विद्यार्थी आपली चूक झांकतो तो प्रिंगलसाहेबांच्या कारकुनांचा वारस समजावा.

डांबरी रस्ता व कोणास विचारावें हा प्रश्न

रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकानें १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. बाहेरून खेडीं पाहावयास येणारे लोक बहुधा डांबरी रस्त्याच्या कडेचींच खेडीं पाहतात. कोरड्या हंगामांत येतात. गांवांतील पुढाऱ्यांशींच बोलतात. आणि ज्या ठिकाणीं एखादी योजना चांगली चालली असेल तेथेंच नेले जातात. त्यामुळें दारिद्र्य त्यांच्या दृष्टीआड राहतें. आमच्या ओसरीवर जें घडलें तें याच जातीचें होतें. आमची ओसरी रस्त्यावर, म्हणून ती मुलगी आमच्याकडे आली. मळ्याच्या पलीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगास ज्यांच्या विहिरी माघांतच आटतात, त्यांच्याकडे कोणी गेलेंच नाहीं.

यावर उपाय सोपा आहे. गांवच्या खातेदारांची यादी घ्यावी, पहिलें नांव चिठ्ठीनें काढावें, आणि तेथून दर दहावें नांव धरून त्याच माणसास गांठावें, मग त्याचें घर कोठेंही असो. ज्यांच्या नांवें जमीनच नाहीं त्या मजुरांची यादी वेगळी करावी, कारण सातबाऱ्यांत ते सांपडत नाहींत. घरांतल्या बायकांस विचारल्यावांचून पाण्याचा, बियाण्याचा व गुरांच्या वैरणीचा हिशोब पुरा होत नाहीं. आणि शक्य तर एक खेप भर पावसांत, चिखलांतून करावी. प्रश्न विचारतांना गांवच्या मापांत विचारावें. पायली व पोतें यांत ज्याचें मन चालतें त्याला क्विंटल विचारला तर उत्तर अंदाजी येतें. पोतें किती किलोंचें हें तेथल्या तेथें काट्यावर वजन करून ठरवावें. आपण कोण, कोणत्या महाविद्यालयाचे, माहिती कशासाठीं, हें आधीं सांगावें. ज्यास सांगावयाचें नसेल त्याचा नकार मानावा. आणि लिहितांना कोणाचें नांव उघड करूं नये.

आपली बाजू

येथवर विद्यार्थ्यांस उपदेश झाला. आतां आपल्याकडे वळूं. आपण खरें सांगत नाहीं. पीक कमी सांगावें व खर्च जास्त सांगावा, ही रीति आपल्या हाडींमासीं खिळली आहे, आणि तिला कारणही तसेंच आहे. ज्याच्यापुढें बोललें त्यानें सारा वाढवावा, असें कित्येक पिढ्या चाललें. परंतु कर वसूल करणारा आणि शिकावयास आलेला मुलगा यांतील भेद आपण ओळखला पाहिजे. आज आपण जो कमी आंकडा सांगूं, तोच उद्यां प्रबंधांत जाईल. आणि या गांवची जमीनच हलकी, येथें ओलिताची योजना परवडणार नाहीं, असें अनुमान त्यावरून कोणी काढलें, तर दोष कोणास द्यावा? ज्यांस सांगावयाचें नसेल त्यांनीं स्पष्ट नाहीं म्हणावें. न सांगितलेला आंकडा रिकामी जागा ठेवतो. खोटा आंकडा ती जागा अडवून बसतो.

खरें सांगण्याच्या मोबदल्यांत मागणें मागण्याचा आपला हक्क आहे. पाहणी करूं देतांना ग्रामपंचायतीनें तीन गोष्टी आधींच कबूल करून घ्याव्या. पहिली, काम पुरें झाल्यावर विद्यार्थ्यानें पुन्हां गांवीं येऊन ग्रामसभेपुढें आपला निष्कर्ष मराठींत सांगावा. दुसरी, नकाशांची व विहिरींच्या मोजमापांची एक प्रत पंचायतीच्या दफ्तरीं ठेवावी. तिसरी, पुढच्या वर्षाच्या तुकडीनें नवा गांव शोधण्याऐवजीं त्याच खुणांवर, त्याच विहिरी व त्याच रेघा पुन्हां मोजाव्या. एका वर्षाचा आंकडा ही बातमी असते. दहा वर्षांचे आंकडे झाले म्हणजे गांवास स्वतःची प्रकृति कळते. विद्यार्थी दोन वर्षांत पदवी घेऊन जातो, परंतु महाविद्यालय तेथेंच असतें व गांवही तेथेंच असतो. हा संबंध त्या दोघांमध्यें जोडला गेला पाहिजे.

ग्रामसभेपुढें बोलण्याची अट विद्यार्थ्यांस जड वाटेल, पण त्यांच्याच हिताची आहे. परीक्षक प्रबंधांतील रकाने पाहतो, ओढ्याकांठचा शेतकरी मात्र नकाशाकडे पाहून विचारतो, "अहो, माझ्या मळ्याच्या जागीं तुम्ही माळ कसा दाखविला?" या प्रश्नास तोंड देतां येणें हेंच संशोधकाचें खरें शिक्षण. आणि त्या शेतकऱ्याचेंही कांहीं शिक्षण त्यांत होतें. आपलें शेत, शेजाऱ्याचें शेत व वरच्या अंगाचा माळ हीं एकाच पाण्यावर जगतात, हें तो नकाशावर प्रथमच एका दृष्टिक्षेपांत पाहतो.

येत्या थंडींत ज्यांच्या गांवीं अशी मंडळी येईल, त्या वाचकांस आमची सूचना एवढीच कीं, त्यांस चावडीवर बसवून ठेवूं नये. चहा झाल्यावर त्यांस उठवून शिवारांत न्यावें, आणि डांबरी रस्त्याकडे पाठ करून न्यावें. कुदळ आपण द्यावी, खड्डा त्यांस खणूं द्यावा. आमच्या ओसरीवर आलेली ती मुलगी आतां कोठें असेल तें आम्हांस ठाऊक नाहीं. तिच्या जागीं पुढें जो कोणी येईल, त्याला एकरीं उत्पन्नाचा खरा आंकडा आम्ही सांगूं, आणि त्याच बैठकींत विचारूं कीं, बाळ, हें सर्व घेऊन तूं परत केव्हां येणार?